हातांतलें रणांगण

पुस्तकावर अभिप्राय द्यावयाचा तर तें निदान एकदां वाचलेलें असावें, हा संकेत सर्वच परीक्षक पाळतात असें नाहीं. पण तो खोटा आहे असें उघडपणें म्हणण्याचें धाडस अद्याप कोणीं केलेलें नाहीं. मुलांच्या हातांतील व्हिडिओ गेमच्या बाबतींत मात्र हा संकेत आपण मुळींच मानीत नाहीं. मोबाइलमधून गोळीबाराचा आवाज आला कीं घरांतील वडीलधारी मंडळी ओसरीवर बसल्याबसल्याच निकाल देतात; आणि तो निकाल दोहोंपैकीं एक असतो. "बंद कर तें आधीं," हा एक. आणि "खेळूं द्या हो, निदान डोळ्यांसमोर तरी आहे," हा दुसरा. पहिल्यांत शिस्तीचें समाधान आहे, दुसऱ्यांत सोयीचें. खेळ काय आहे हें पाहण्याची तसदी दोहोंतही नाहीं. प्रस्तुत लेखकही गेल्या दिवाळीपर्यंत याच मंडळींपैकीं एक होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

त्या सुटींत जालना जिल्ह्यांतील तीर्थपुरी येथें धाकट्या बहिणीच्या घरीं आठ दिवस राहण्याचा योग आला. दिवस कापूसवेचणीचे. पुढच्या खोलींत आढ्यापर्यंत कापूस रचलेला, ओसरीवर मजुरीचा हिशेब चाललेला, आणि कापसाच्या ढिगाला पाठ लावून, कानांत इअरफोन घालून सातवींतला भाचा आपल्या युद्धांत मग्न. या घरांत चांगला मोबाइल आला तो २०२० सालीं, शाळा बंद होऊन वर्ग पडद्यावर भरूं लागले तेव्हां. पुढें शाळा उघडल्या, मुलें बाकांवर परत गेलीं. मोबाइल मात्र घरींच राहिला. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मुलाच्या आजोबांनीं पाणी मागितलें. "आलों आबा," असें तो दोनदां म्हणाला आणि उठला नाहीं. तिसऱ्या हांकेला बहिणीनें येऊन मोबाइल हातांतून काढून घेतला. मुलगा रडूं लागला. हट्टी मुलाचें रडणें आम्हांस ओळखतां येतें. हें तसें नव्हतें. "आई, माझ्यामुळं बाकीचे तिघं मरतील ना!" असें तो म्हणत होता. रात्रीं जेवणें झाल्यावर बहीण म्हणाली, "दादा, तूं पुस्तकांवर लिहितोस. हा खेळ याला द्यावा कीं देऊं नये, एवढं एकदां नीट बघून सांग." पुढील चार रात्री भाच्याला गुरु करून आम्ही तो खेळ खेळलों. त्याचें हें परीक्षण.

खेळाचें नांव 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'. ब्रेंडन ग्रीन नांवाच्या आयरिश गृहस्थाच्या कल्पनेंतून निघालेला मूळ खेळ दक्षिण कोरियांतील कंपनीनें २०१७ सालीं संगणकावर आणला. २०१८ सालीं तो मोबाइलवर आला आणि 'पब्जी' या नांवानें आपल्या खेड्यापाड्यांत पोंचला. २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें आणखी ११७ ॲप्सबरोबर त्यावर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजीं तो आजचें नांव घेऊन परत आला, जुलै २०२२ मध्यें पुन्हां नाहींसा झाला, आणि मे २०२३ मध्यें पुन्हां उगवला. यावरून कित्येक पालक असें अनुमान काढतात कीं, ज्या अर्थीं सरकारनें त्यास परत येऊं दिलें त्या अर्थीं तो मुलांस योग्य असावा. हें अनुमान चुकीचें आहे. २०२० ची बंदी देशाची सुरक्षितता आणि लोकांच्या माहितीचें रक्षण या कारणांसाठीं होती. तींत बालमनाचा विचार नव्हता. जी बंदी मुलांसाठीं घातलेलीच नव्हती, ती उठल्यानें मुलांविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं.

आतां खेळाची वस्तु. शंभर खेळाडू एका विमानांतून ओसाड बेटावर छत्रीच्या साहाय्यानें उतरतात. उतरतांना प्रत्येकाचे हात रिकामे. बेटावर घरें आहेत, घरकरी नाहींत. त्या रिकाम्या घरांत बंदुका, चिलखतें आणि औषधें पडलेलीं असतात, तीं हुडकून घ्यावयाचीं. बेटाभोंवतीं एक वर्तुळ असतें. तें थोड्या थोड्या वेळानें आकुंचित होत जातें, आणि जो त्याच्या बाहेर राहील त्याचें बळ झिजत झिजत संपतें. त्यामुळें लपून बसलेल्यासही शेवटीं समोर यावेंच लागतें. जो एक, किंवा चौघांची जी एक तुकडी, अखेरपर्यंत उरते ती विजयी. सर्व मिळून सुमारें अर्ध्या तासाचा हा डाव. कल्पना साधी आहे, आणि तिची बांधणी कोणाही नाटककारानें हेवा करावा इतकी घट्ट आहे, हें मान्य केलें पाहिजे.

बाहेरून पाहणाऱ्यास हा खेळ वीररसाचा वाटतो. प्रत्यक्ष खेळूं लागल्यावर आमचा हा समज पहिल्याच रात्रीं गेला. वीररसाचा स्थायीभाव उत्साह. येथें स्थायीभाव आहे भीति. अर्ध्या तासांतील बहुतेक वेळ खेळाडू गोळ्या झाडीत नाहीं. तो भिंतीआड श्वास रोखून बसतो आणि पावलें ऐकतो. जिन्यावर कोणी चढत आहे काय, गवतांत कांहीं हाललें काय, याकडे सर्व प्राण कानांत आणून लक्ष देतो. म्हणजे हा रस भयानक होय. मुलगा या खेळांतून उठतो तेव्हां त्याचे तळहात ओले असतात आणि त्याला लवकर झोंप लागत नाहीं, याचें कारण त्यानें पुष्कळ माणसें मारलीं हें नव्हे. तो अर्धा तास सारखा भीत होता हें आहे. आमची स्वतःचीही त्या रात्रीं हीच अवस्था झाली, आणि आमचें वय बारा नाहीं.

परंतु गुणही सांगितले पाहिजेत. चौघांच्या तुकडींत एकजण जायबंदी होऊन पडला कीं दुसऱ्यानें स्वतःचा जीव धोक्यांत घालून त्याच्यापाशीं जावें आणि त्यास पुन्हां उभें करावें, अशी सोय या खेळांत आहे. भाच्याला तें करतांना आम्हीं पाहिलें. पळून जाऊन जिंकण्याची संधि असतांना तो मागें फिरला, आणि दोघेही मेले. "मामा, तो आपल्या तुकडींतला आहे, तुम्हीच सांगा, कसं सोडायचं?" असें त्यानें आम्हांस विचारलें. त्या दिवशीं संध्याकाळच्या रडण्याचा अर्थ आम्हांस तेव्हां कळला. एका बाजूस आजोबांचें पाणी आणि दुसऱ्या बाजूस सवंगड्यांचा जीव, असा तो पेंच होता. तो पेंच खोटा होता, पण मुलाची निष्ठा खरी होती.

आतां ज्या आक्षेपानें बहुतेक चर्चा सुरू होते आणि बहुधा तेथेंच संपते, त्याकडे वळूं. खेळांत हिंसा आहे. आहेच. पण हिंसा असणें एवढ्यावरून एखादी कृति मुलांसाठीं त्याज्य ठरवावयाची तर आपणांस प्रथम महाभारत कुलुपांत ठेवावें लागेल. कीचकाचा वध, दुःशासनाचें रक्त, अफझलखानाची भेट, हें सर्व ऐकतच आपल्या पिढ्या वाढल्या, आणि त्यामुळें घरोघर मारेकरी निपजले असें कोणी म्हणणार नाहीं. तीर्थपुरी ज्या घनसावंगी तालुक्यांत आहे त्याच तालुक्यांत समर्थ रामदासांचें जन्मगांव जांब आहे. ज्या संतानें मारुतीची आणि बळाची उपासना सांगितली, त्याच्या परिसरांत मुलाच्या पराक्रमाच्या ओढीला पाप म्हणणें शोभणार नाहीं. संशोधनही येथें सावध आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननें २०२० सालीं असें स्पष्ट केलें कीं, अशा खेळांचा ओरडणें, ढकलणें यांसारख्या आक्रमकपणाशीं अल्पसा संबंध दिसतो. परंतु प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्याचें कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखविण्यास पुरेसा आधार नाहीं.

मग कथेंतील मरण आणि या खेळांतील मरण यांत भेद कोणता? भेद मेलेल्याच्या पाठीमागें कोण आहे यांत आहे. अभिमन्यु पडतो तेव्हां सुभद्रा आहे, उत्तरा आहे, दुसऱ्या दिवशींचा अर्जुन आहे. ऐकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतें. या खेळांत माणूस पडतो आणि त्याच्या जागीं एक पेटी उरते. तिच्यांत त्याच्याजवळच्या वस्तु असतात, त्या आपण घ्यावयाच्या. मरण म्हणजे सामानाची पेटी, ही या कृतीची खरी उणीव होय. ती भरून काढण्याचा प्रयत्न म्हणून कीं काय, भारतीय आवृत्तींत रक्ताला हिरवा रंग देण्यांत आला आणि 'मारलें' या अर्थाच्या शब्दाऐवजीं 'संपविलें' या अर्थाचा शब्द घालण्यांत आला. ज्या परीक्षणानें रंग बदलून समाधान मानलें, त्यानें डोळ्यांचा विचार केला. मनाचा केला नाहीं.

तथापि आमच्या मतें मुलांच्या दृष्टीनें निर्णायक प्रश्न हाही नव्हे. तो प्रश्न ठरविण्यासाठीं परदेशीं जाण्याची आवश्यकता नाहीं. आपल्या अंगणांतील मुलांनीं आपल्या खेळांचे कायदे पिढ्यान् पिढ्या स्वतःच केले आहेत, आणि त्यांत तीन कलमें अशीं आहेत कीं तीं कोणत्याही खेळाच्या परीक्षकानें पाठ करावींत.

पहिलें कलम लिंबूटिंबूचें. लपंडाव, लगोरी, आट्यापाट्या, खेळ कोणताही असो. मोठ्या मुलांत एखादें लहान भावंड आलें कीं त्याला लिंबूटिंबू, कोठें कच्चा लिंबू, म्हणून खेळांत घेतात. तें धांवतें, ओरडतें, पकडलें जातें. पण त्याच्यावर राज्य येत नाहीं. यांतील सौंदर्य हें कीं आपण लिंबूटिंबू आहों हें त्या मुलाला ठाऊक असतें, आणि म्हणूनच एक दिवस खरा गडी होण्याची त्याला आस लागते. आमच्या या खेळांतही लिंबूटिंबूची व्यवस्था आहे, पण ती चोरटी आहे. नव्या खेळाडूसमोर आरंभींच्या डावांत जे शत्रु येतात त्यांपैकीं पुष्कळ माणसें नसतातच. ते यंत्रानें चालविलेले बाहुले असतात. ते नेम चुकवितात, उघड्यावर उभे राहतात, आणि मारले जातात. आम्ही दुसऱ्याच रात्रीं शंभरांत पहिले आलों, आणि क्षणभर छाती फुगली. भाच्यानें हंसून सांगितलें, "मामा, ते सगळे बॉट होते." लहान मुलाला मात्र हें सांगणारा कोणी नसतो. आपण जिंकलों असें त्याला वाटतें, आणि त्या खोट्या विजयाच्या गोडीनें तें खऱ्या पराभवांच्या रांगेंत जाऊन उभें राहतें. अंगण लहानग्याला प्रामाणिकपणें सांभाळतें. यंत्र त्याची खुशामत करतें.

दुसरें कलम 'टाइमप्लीज'चें. पायांत कांटा गेला, आईनें हांक मारली, चड्डीची नाडी सुटली, कीं मुलानें 'टॅम्प्लीज' म्हणावें आणि सर्व खेळ थांबावा. इंग्रजींतून आलेल्या या शब्दाला मराठी मुलांनीं जवळजवळ मंत्राचें सामर्थ्य दिलें आहे; दांडगट गडीसुद्धां तो मोडीत नाहीं. त्याचा अर्थ असा कीं खेळाहून मोठें असें कांहीं जगांत आहे, आणि खेळाला तें मान्य आहे. प्रस्तुत खेळांत 'टॅम्प्लीज' नाहीं. शंभर माणसें शंभर ठिकाणीं बसून एकाच वेळीं खेळत असतात. एकासाठीं डाव थांबविणें शक्यच नाहीं. मध्येंच उठलें तर पडद्यावरचा आपला गडी जागच्या जागीं उभा राहतो, कोणीही येऊन त्याला टिपतो, आणि तुकडी अडचणींत येते. आजोबांनीं पाणी मागितलें तें नेमकें अशा वेळीं. बारा वर्षांच्या मुलाला त्या क्षणीं दोहोंपैकीं कोणाचा तरी विश्वासघात करावाच लागतो. आणि समोरचा माणूस आपला असल्यामुळें क्षमा करील, या हिशेबानें तो बहुधा त्याचाच करतो.

तिसरें कलम दिवेलागणीचें. अंगणांतला खेळ अंधार संपवितो. चेंडू दिसेनासा होतो, घरोघरून हांका येतात, राज्य कोणावर आहे तें उद्यांवर टाकून मुलें पांगतात. या खेळाचा डाव अर्ध्या तासांत संपतो हें खरें. पण तो संपतांच दुसऱ्या डावाचें बटण समोर येतें. रोज हजेरी लावल्याबद्दल बक्षीस आहे. ठराविक मुदतीचा हंगाम आहे, आणि तो संपण्यापूर्वीं पायऱ्या चढून जाण्याची स्पर्धा आहे. ज्याला शेवट नाहीं असें पुस्तक आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं. हा तसा खेळ आहे. महाभारतांतला तो सोळा वर्षांचा मुलगा चक्रव्यूहांत शिरावें कसें एवढेंच शिकला होता. आपल्या मुलांस या आकुंचित होणाऱ्या वर्तुळांत शिरण्याची विद्या कोणीही शिकवितो. बाहेर पडण्याची विद्या खेळ शिकवीत नाहीं, आणि आपणही शिकवीत नाहीं.

शेवट नसण्याचें कारण कलेंत नाहीं, व्यापारांत आहे. खेळ फुकट मिळतो. विकलीं जातात तीं वस्त्रें, बंदुकीवरचे रंग आणि हंगामाचा परवाना. त्यांनीं नेम सुधारत नाहीं; फक्त चारचौघांत उठून दिसतां येतें. २०२१ सालीं खेळ परत आला तेव्हां अठरा वर्षांखालील मुलांसाठीं तीन मर्यादा जाहीर झाल्या होत्या: पालकांच्या मोबाइलवर आलेल्या आंकड्यानें संमति, दिवसाला तीन तास, आणि दिवसाला सात हजार रुपये. ज्या घरांत चांगला मोबाइल एकच, तेथें संमतीचा आंकडा मुलाच्याच हातांतल्या पडद्यावर येतो. तीन तास म्हणजे शाळा सुटल्यापासून जेवणाच्या ताटापर्यंतची सगळी संध्याकाळ. आणि सात हजार? त्याच २०२१-२२ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता. ज्या खोलींत बसून भाचा खेळत होता, तिथल्या कापसाच्या एका क्विंटलच्या हमीभावाहून अधिक रक्कम एका मुलानें एका दिवसांत उडवावी, आणि तरी ती मर्यादेंतच गणली जावी, यावर अधिक भाष्य नको.

वयाच्या चिठ्ठ्यांनीं हें कळत नाहीं. अमेरिकेंत १९९४ पासून आणि युरोपांत २००३ पासून खेळांस वयोगट लावण्याची पद्धत आहे. आपल्याकडे चित्रपटांस सात, तेरा आणि सोळा असे टप्पे २०२४ सालीं आले. मोबाइलवरील खेळांचा वयोगट बहुधा निर्मात्यानेंच भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरतो. रक्त किती, शिव्या किती, नग्नता किती, हें अशा चिठ्ठ्या मोजतात. हांक आल्यावर मुलाला उठतां येईल काय, हा प्रश्न त्यांत नसतो. ऑगस्ट २०२५ मध्यें संमत झालेल्या कायद्यानें पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. हा खेळ त्या जातीचा नव्हे. २०१९ सालीं अकरा वर्षांच्या एका मुलानें आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयांत पब्जीवर बंदी मागितली, तेव्हां न्यायालयानेंही तो विषय तपासणीसाठीं केंद्र सरकारकडे सोपविला. शेवटीं निकाल ओसरीवरच व्हावयाचा आहे. तो पाहून व्हावा एवढेंच आमचें म्हणणें.

पालकांनीं घाबरूनही जाऊं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें खेळाच्या आहारीं जाण्यास रोगांच्या यादींत स्थान दिलें आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. परंतु त्यासाठीं ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणें, आणि नुकसान दिसत असूनही तें चालूच राहणें, हीं लक्षणें साधारणतः वर्षभर दिसावीं लागतात. एका संध्याकाळीं रडलेला मुलगा रोगी नव्हे.

तेव्हां आमचा निर्णय असा. तेरा वर्षांखालील मुलास हा खेळ देऊं नये. कारण रक्त नव्हे, तर खोटी खुशामत, न थांबणारा डाव आणि न संपणारा हंगाम हें ओझें त्या वयाच्या मनगटाला पेलणारें नाहीं. तेरा ते सोळा या वयांत तो द्यावयाचा असेल तर घरांतील एका मोठ्या माणसानें प्रथम स्वतः खेळावा. सवंगडी ओळखीचे असावेत. रात्रीं निजण्यापूर्वीं खेळूं नये. आणि पैशाचा दरवाजा पूर्ण बंद असावा. 'नाहीं' म्हणावयाचें तें डाव सुरू होण्यापूर्वीं म्हणावें. अर्ध्या तासाचा डाव मध्येंच हिसकावून घेणें हा खेळाचा दोष नव्हे, आपला होय. जेथें यंत्रांत 'टॅम्प्लीज' नाहीं तेथें तें वडिलांच्या मनांत असलें पाहिजे. सोळा वर्षांपुढील मुलास आमची शिफारस लागणार नाहीं आणि तो ती विचारणारही नाहीं. पण वरील तीन कलमें त्यानें स्वतःस लावून पाहावींत.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं हा निकाल बहिणीला सांगितला. "म्हणजे आत्तां नकोच ना?" तिनें विचारलें. नको, असें आम्हीं म्हटलें. भाचा तेथेंच उभा होता. तो रडला नाहीं. थोड्या वेळानें आमच्यापाशीं येऊन म्हणाला, "मामा, एकच डाव. त्या तिघांना सांगायचंय मी जातोय म्हणून. न सांगतां गेलों तर त्यांना वाटेल मी पळालो." त्याला ती परवानगी दिली. या खेळाच्या बाजूनें याहून मोठें कांहीं आम्हांस सांगतां येण्यासारखें नाहीं.